ध चा मा: एका गूढ शब्दकोड्याच्या नोंदी

1 जून 2025, रविवार

मामाच्या सांगण्यावरून ही वही सुरू केली. त्याची अट एकच: "सुटलेलं लिहिलं नाहीस तरी चालेल, अडलेलं मात्र त्याच दिवशी लिही. दुसऱ्या दिवशी तेच सोपं वाटायला लागतं आणि नेमकं काय अडलं होतं ते सांगता येत नाही." मामा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. बिघाडाची नोंद त्याच पाळीत झाली पाहिजे, ही त्याची जुनी शिस्त.

काम दोन टप्प्यांचं आहे. आठ वर्षं मी इंग्रजी दैनिकांतली गूढ शब्दकोडी सोडवते, म्हणजे क्रिप्टिक. ठाण्याहून कोपरखैरण्याला जाताना अर्धं, येताना उरलेलं. आता त्याच्या वरची इयत्ता शिकायची: जाड रेघांच्या चौकटीतली प्रगत कोडी. ती हाताला लागली की त्याच जातीचं एक लहानसं कोडं मराठीत रचायचं. सोडवणार मामा. मुदत कोजागिरी, 6 ऑक्टोबर.

4 जून

गाडीत रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, साध्या शब्दकोड्यात आणि यात फरक काय? ऐरोली येईपर्यंत नीट सांगता आलं नाही. रात्री भांडी आवरताना उदाहरणाचं एक सूत्र, म्हणजे क्लू, सुचलं:

देवानं प्रसन्न होऊन दिलेला नवरा (2)

उत्तर 'वर'. देवाने प्रसन्न होऊन दिलेला तो वर, आणि नवरा तोही वर. एकाच शब्दाच्या दोन व्याख्या शेजारी ठेवल्या, की वाचताना तिसराच अर्थ दिसतो. दुसऱ्या प्रकारात एका टोकाला व्याख्या आणि उरलेल्या भागात शब्द कसा घडवायचा त्याची कृती असते:

वेल उलटी चढते तो ठेका (2)

वेल म्हणजे लता, ती उलटी केली की ताल. ठेका ही व्याख्या. कंसातला आकडा अक्षरांचा. अजून एक, हे मला फार आवडलं:

सारात गंधार मुरला तो समुद्र (3)

'सार'मध्ये 'ग' घातला, सागर झाला. इंग्रजीत एकेका अक्षरासाठी दिशा, रोमन आकडे, रसायनांची चिन्हं वापरतात. आपल्याकडे सरगम आहे. षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद अशी सात अक्षरं फुकट मिळतात, आणि त्यातला निषाद तर पारधीही असतो.

8 जून, रविवार

नौपाड्यात मामाकडे. त्याने टेबलावर तीन वस्तू मांडून ठेवल्या होत्या: छापून घेतलेलं कोडं, दोन बी पेन्सिल आणि चेंबर्सचा इंग्रजी शब्दकोश. कोशाची पाठ उसवली आहे, ती त्याने सुती पट्टीने चिकटवली आहे.

चौकट पाहिल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की काळी घरं नाहीतच. 12 बाय 12, सगळी घरं पांढरी; शब्द संपतो तिथे घराच्या कडेला जाड रेघ. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या दोन्ही शब्दांत येतं. रोजच्या कोड्यात निम्मी अक्षरं एकटीच असतात. मला हे सोपं वाटलं. मामा म्हणाला, "जाळी जितकी दाट तितके रचणाऱ्याला आडवळणाचे शब्द घ्यावे लागतात. म्हणून हा कोश. इथे कोश उघडणं म्हणजे फसवणूक नव्हे, तो सामानातच धरलेला आहे."

मग त्याने घराण्याची वंशावळ सांगितली. संपूर्ण गूढ सूत्रांची कोडी ऑब्झर्व्हर या लंडनच्या साप्ताहिकात 1926 पासून एडवर्ड पॉविस मॅथर्स रचायचे, टोपणनाव टॉर्केमाडा. ते 1939 साली गेल्यावर डी. एस. मॅकनट आले, टोपणनाव झिमेनीझ. 1972 पासून जोनाथन क्राउदर, टोपणनाव एझेड. पहिली दोन टोपणनावं स्पेनच्या धर्मन्यायसभेच्या, छळासाठी कुख्यात असलेल्या प्रमुखांची, आणि तिसरं नाव त्यांच्यातल्याच डेझाचं, उलटं लिहिलेलं. मला वाटलं होतं ए आणि झेड, म्हणजे अथपासून इतिपर्यंत. मामा म्हणाला, तेही आहेच.

झिमेनीझचं मोठं काम कडक शिस्तीचं. सूत्रात व्याख्या हवी, नेमकी कृती हवी आणि याशिवाय काही नको. त्याच्या आधी आफ्रीट या नावाने लिहिणारे ए. एफ. रिची यांनी याचं मूळ सांगून ठेवलं होतं: रचणारा जे म्हणतो तेच त्याच्या मनात असलं पाहिजे असं नाही, पण मनात जे आहे ते त्याने शब्दांत म्हटलेलंच असलं पाहिजे.

हे वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं आहे.

12 जून

चार दिवस, तीन उत्तरं. छत्तीस सूत्रांपैकी.

15 जून, रविवार

सात. मामाने पाहिलं आणि एकच विचारलं, "शब्द आठवायला बघतेस की घडवायला?"

आठवायला. आठ वर्षं तेच केलं आहे. व्याख्येवरून ओळखीचे शब्द डोक्यात आणायचे आणि त्यातला कुठला कृतीत बसतो ते पाहायचं. इथे तो रस्ता बंद आहे, कारण उत्तर माझ्या ओळखीचं नसतंच.

22 जून, रविवार

मामाने मराठीत सूत्र दिलं. आयुष्यात त्याने मराठीत पहिल्यांदाच रचलं असावं, कारण देताना तो जरा अवघडला होता.

का? भातावर ओततात ते तळं (3)

तळं म्हणून तलाव, पुष्कर, सरोवर असं सगळं करून पाहिलं. कृतीत काहीच बसेना. मामा म्हणाला, तळं विसर. सूत्र डावीकडून वाच आणि सांगतं तसं कर. 'का' आणि पुढे भातावर ओततात ते, म्हणजे सार. कासार.

"कासार म्हणजे बांगड्या भरणारा," मी म्हटलं.

"कोशात बघ."

त्याच्याकडे मराठी मोठा कोश नाही. तिढा तसाच ठेवून घरी आले. पण आज काय अडत होतं ते कळलं: व्याख्येवरचा माझा हात सुटत नव्हता.

28 जून, शनिवार

स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले. 1893 सालची संस्था, लहानपणी मामाच मला इथे गोष्टींची पुस्तकं बदलायला आणायचा. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा 'क'चा खंड मागितला. कासार: तळे, सरोवर. संस्कृतातून आलेला. बांगड्यांचा कासार वेगळा, हा वेगळा.

खंड बंद करावासा वाटेना. पावसाने खिडकी धुरकट झाली होती आणि माझ्यासमोर मी स्वतः घडवलेला शब्द छापील उभा होता. तो मला कधीच माहीत नव्हता, तरी मी तो बरोबर घडवला, कारण रचणाऱ्याने नेमकं सांगितलं होतं. प्रगत कोड्यात शिरायचा दरवाजा हाच आहे असं मला ठामपणे वाटतं: आधी घडवायचं, मग कोशात शोधायचं. कोशात सापडला की कोशच दाद देतो.

6 जुलै, आषाढी एकादशी

उपासाची साबुदाणा खिचडी आणि मामाचं टेबल. एकवीस उत्तरं. पहिल्यांदाच निम्म्याच्या पुढे.

नवशिक्याला सांगावं असं काही हाताला लागलं आहे, ते इथे ठेवते. चौकट भरायला घेण्याआधी सगळी सूत्रं एकदा वाचायची, सुटो न सुटो. लांब शब्दांपेक्षा चार-पाच अक्षरी आधी घ्यायचे, त्यांची कृती छोटी असते. एका कोपऱ्यात तीन उत्तरं लागली की तोच कोपरा धरून बसायचं, चौकटभर फिरायचं नाही. कृती अर्धी कळली असेल तर तेवढी अक्षरं समासात लिहून ठेवायची; चार दिवसांनी उरलेली आपोआप जुळतात. आणि पेन्सिल. पेनने लिहिलेलं चुकीचं उत्तर डोळ्यांना खरं वाटत राहतं आणि भोवतालचे चार शब्द अडवून बसतं.

13 जुलै, रविवार

आतापर्यंत सोडवलं ते साधं प्रगत. आज खास कोड्यांना हात घातला. यात सूत्रांच्या आधी एक परिच्छेद असतो, त्या कोड्यापुरता कायदा. तो चुकीचा वाचला की पुढचं सगळं वाया. मी वाचला, दोन तास झटले, आणि मग कळलं की 'चौकटीत भरण्यापूर्वी' हे दोन शब्द डोळ्यांआड झाले होते. सूत्रावरून मिळालेलं उत्तर आणि चौकटीत लिहायचं ते, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. उत्तरातून एक अक्षर सगळीकडे गाळायचं, किंवा उत्तर सांकेतिक लिपीत भरायचं.

सांकेतिक लिपी म्हणजे बहुतेकदा प्लेफेअर. चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1854 साली शोधली, नाव मात्र तिचा पुरस्कार करणाऱ्या लॉर्ड प्लेफेअर यांचं लागलं. 5 बाय 5 च्या चौकटीत पंचवीस रोमन अक्षरं बसवतात, आय आणि जे एका घरात. देवनागरीत हे कसं होईल याचा हिशेब गाडीत केला. चौतीस व्यंजनं आणि बाराखडी धरली तर 408. वीस बाय वीसची चौकट घेतली तरी आठ अक्षरं बाहेर राहतात, आणि जोडाक्षरं मोजलेलीच नाहीत.

हा आकडा डोक्यातून जात नाही. इंग्रजी चौकटीत एक 'ई' कळली तर फारसं काही कळत नाही. मराठी चौकटीत एक 'ळी' कळली तर निम्मं कोडं कळलं. म्हणजे मराठी कोड्यात छेद, आडव्या-उभ्या शब्दांची सामायिक घरं, कमी असले तरी चालतील, आणि प्रत्येक छेद जपून द्यावा लागेल.

20 जुलै, रविवार

प्रिंटर्स डेव्हिलरी. हा प्रकार आफ्रीटचा. छापखान्यातल्या खोडकराने वाक्यातून एक शब्द उचलला आणि उरलेली अक्षरं पुन्हा चिकटवून टाकली, असं मानायचं. व्याख्या नाही, कृती नाही. वाक्य पुन्हा शहाणं करायचं. मला कळेना, तेव्हा मामाने अर्धा तास विचार करून मराठीत दाखवलं:

मम झालं की हातून चूक होते (3)

'मम'च्या पोटात 'नगर' घातलं की 'मन गरम झालं की हातून चूक होते'. मी उठून उभी राहिले. तोही खूश होता, चहा करायला गेला आणि साखर घालायची विसरला.

रात्री जेवताना इकडतिकडचं बोलणं झालं. आपल्याकडे द हिंदूचं कोडं 1971 मध्ये सुरू झालं तेव्हा पहिले रचनाकार निवृत्त ॲडमिरल राम दास कटारी होते, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. आणि सगळ्यात दुर्गम समजलं जाणारं लिसनर कोडं 1930 साली बीबीसीच्या साप्ताहिकात सुरू झालं. ते साप्ताहिक 1991 मध्ये बंद पडलं, तेव्हापासून कोडं लंडनच्या शनिवारच्या टाइम्समध्ये येतं. मामाने उमेदीत त्यातली पाच पूर्ण केली आहेत. पाचही कागद अजून त्याच्याकडे आहेत, एकावर मामीने केलेला वाणसामानाचा हिशेबही आहे.

27 जुलै

छत्तीसपैकी छत्तीस. साधं प्रगत, तीन दिवस लागले. मामाला फोन केला, त्याने प्रत्येक उत्तराची कृती बोलून घेतली आणि दोन ठिकाणी "हे तू अंदाजाने भरलंस" म्हणून पकडलं. खरं होतं. पहिला टप्पा तरी संपला असं धरते.

3 ऑगस्ट, रविवार

दुसरा टप्पा, आणि पहिल्याच पायरीवर आमचं जुंपलं.

प्रश्न असा: मराठी कोड्यात सुटं काय धरायचं? इंग्रजीत अक्षर म्हणजे अक्षर. आपल्याकडे 'मा' हे एक घर की म आणि काना असे दोन तुकडे? मामाचं म्हणणं, व्यंजन आणि स्वर सुटे धर, मग शब्दांची उलथापालथ करायला केवढी तरी मोकळीक मिळते. "हमाल घे. काना म वरून काढ, ह आणि म ची अदलाबदल कर: महाल. हमालाने विटा फोडल्या, महाल उभा राहिला."

वाक्य सुरेख आहे, नाकारवत नव्हतं. तरी मला ते पटलं नाही. घरात लिहिताना कोणी काना वेगळा लिहीत नाही. वाचणाऱ्याच्या कानाला अक्षर ऐकू येतं. अक्षर अखंड ठेवूनही उलथापालथ होते, मी त्याला माझं दाखवलं:

वाचक गोंधळला, वाट चुकवणारं भूत (3)

वा, च, क. चकवा. कोकणातल्या आमच्या आजोळी चकवा लागलेला माणूस रात्रभर त्याच शेताला फेऱ्या मारायचा, असं सांगत.

मामा हसला, पण मान्य केलं नाही. "तुझ्या नियमाने मराठीत सूत्रंच थोडी होतील."

10 ऑगस्ट, रविवार

घरी श्रावणातला सत्यनारायण. प्रसादाचा शिरा माझ्याकडे. कढईत रवा, हातात झारा, आणि सासूबाई विचारतात, "परतला का गं नीट?"

रवा परतला तो दिवस (2)

र, वा. परतला की वा, र. वार! परतणे म्हणजे भाजणे आणि परतणे म्हणजे माघारी येणे, हा श्लेष मी चाळीस वर्षं रोज तोंडाने बोलते आहे आणि आज पहिल्यांदा ऐकला. गॅस बंद केला, भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या समासात लिहून ठेवलं. ही खूण इंग्रजीतून आणता येत नाही, ती इथल्याच कढईत होती. मराठीत सूत्रं थोडी होतील हे मामाचं म्हणणं खोटं ठरवायला आता स्वयंपाकघर पुरेल असं वाटतं: कालवणे, फेटणे, ढवळणे, सारण भरणे, उलथणे. प्रत्येक क्रियापद कृतीचं आहे.

17 ऑगस्ट

मामाने मोरोपंत काढले. 108 रामायणं, त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर न येऊ देता लिहिलेलं. प, फ, ब, भ, म नाही, आणि गोष्ट रामाची! नायकाचं नावच उच्चारायची सोय नाही. मोरोपंत 1794 साली गेले. कोड्याच्या आधीचा तो परिच्छेद, त्या रचनेपुरता कायदा, आपल्याकडे किती जुना आहे हे लक्षात आलं. माझ्या कोड्याला कायदा कुठला हे मात्र अजून ठरलेलं नाही.

30 ऑगस्ट, शनिवार

ठरलं.

सकाळी गणपतीच्या दर्शनाला मावशीकडे जाताना रिक्षा कारागृहाच्या भिंतीवरून गेली. ठाण्याचा जुना किल्ला तो हाच. आजची तारीख मनात होतीच: 30 ऑगस्ट 1773, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून, तोही गणपतीतच. गारद्यांना दिलेल्या कागदात 'धरावे' होतं, आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं असं सांगतात. त्या खुनातून जी भाऊबंदकी पेटली तिचा फायदा घेऊन 1774 च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी हाच किल्ला घेतला. एका अक्षराची गोष्ट चालत चालत ठाण्याच्या खाडीपर्यंत आली होती.

ध चा मा. प्रगत कोड्यांत मिसप्रिंट्स नावाचा प्रकार आहे: प्रत्येक सूत्राच्या व्याख्येत एक अक्षर मुद्दाम चुकीचं छापलेलं, ते दुरुस्त करायचं, आणि दुरुस्त केलेल्या अक्षरांतून काहीतरी निघतं. आपल्या भाषेत त्याला अडीचशे वर्षं नाव आहे आणि मी तीन महिने कायदा शोधत होते.

आणि दुसरं. धरावेचं मारावे होताना व्यंजन बदललं आणि काना आला, म्हणजे मामाच्या हिशेबाने दोन बदल. पण मराठी माणसाने नाव ठेवताना 'ध' आणि 'मा' एवढंच मोजलं. गोष्ट खरी असो की दंतकथा, एकक अक्षरच आहे. फोनवर हे सांगितलं. मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लिही. अक्षर अखंड."

7 सप्टेंबर, रविवार

चुकांतून निघणारी अक्षरं कुठली ते ठरलं, पण मामा ही वही वाचायला मागतो, म्हणून आत्ता लिहीत नाही. पाच आडवी सूत्रं चुकीची, उभी सगळी सरळ. पहिलं जमलं:

सरकार मागतं तो हार (2)

हार नव्हे, हात. कर. सरकार मागतं तोही कर. दुसरं सुचायला आठवडा गेला, मग एका दमात आलं:

मनात येते ती वाट (3)

वाट नव्हे, लाट. लहर. हे मी आजवर रचलेलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. चूक तशीच ठेवली तरी ते वाक्य म्हणून उभं राहतं, आणि हीच या प्रकाराची खरी कसोटी आहे: चुकीच्या अक्षरानेही अर्थ लागला पाहिजे, नाहीतर चूक कुठे आहे ते चटकन दिसतं.

14 सप्टेंबर

तिसऱ्यासाठी मामाचं 'मन गरम' उसनं घेतलं. न, ग, र त्याच्या पोटात आहेतच. 'मन गरम पण आत गाय (3)'. गाय नव्हे, गाव, नगर.

सूत्र सुटं मामाला दाखवलं, कोड्यातलं आहे हे न सांगता. त्याने पेन्सिलीने 'पण' खोडला. "याचं इथे काम काय?" वाक्याला शोभा आहे, मी म्हटलं. "शोभेला झिमेनीझकडे जागा नाही." मन गरम, आत गाय. काढल्यावर कळलं की तेच चांगलं आहे. नगर म्हणजे शहर, गाव कसं, अशीही कुरकुर त्याने केली, मग स्वतःच म्हणाला, "असू दे. गाव कुठलं विचारलं तर मीही ठाणंच सांगतो."

21 सप्टेंबर, रविवार

चौकट. एवढा घाम आजवर कशानेच काढला नव्हता. 408 अक्षरांचा हिशेब आता माझ्या विरुद्ध आहे: नेमकं तेच अक्षर दोन शब्दांत सापडायला हवं, काना-वेलांटीसकट. 'जीवन'च्या व वर 'वार' उतरवायला निघाले आणि लक्षात आलं की तो 'वा' आहे. व आणि वा एका घरात राहू शकत नाहीत. एका दैनिकातल्या कोड्यात आडव्याला व आणि उभ्याला वा चालवून घेतलेलं मी पाहिलं आहे आणि तेव्हा पेन्सिल बाजूला ठेवली होती. सोडवणाऱ्याने ज्या घरावर विश्वास ठेवायचा तेच घर खोटं बोललं तर मग उरलं काय?

शेवटी जुळलं ते असं. नगरच्या खाली लहर, एक घर डावीकडे सरकवून. मग ग खाली र येतो. वर सा ठेवला, सागर उभा राहिला. लहरच्या ल च्या डोक्यावर ता बसवला, ताल. शिमगाच्या खाली जीवन ठेवलं तर गा आणि न एकाखाली एक येतात, गान. हे गान मी ठेवलं नव्हतं, ते आपलं आपण सापडलं. चकवाचा क करमध्ये आणि वा पासून आडवा वार. तुकडे एकमेकांना सांधायला आणखी तीन रात्री लागल्या. चौकट 5 ची 6 बाय 6 झाली, चार घरं काळी करावी लागली. त्यांचं वाईट वाटतं.

25 सप्टेंबर

उरलेली दोन:

आयुष्य म्हणजे गाणी (3)

बोंबाबोंब, कोकणातली होडी (3)

दुसऱ्यासाठी फार खटपट पडली नाही, आजोळच्या शिमग्याने हात दिला. पण अडचण वेगळीच. नगर लहरच्या वर गेलं, शिमगा जीवनच्या वर गेला, त्यामुळे दुरुस्त अक्षरं क्रमाने वाचली तर काहीच निघत नाही. चौकट मोडायची नव्हती. मग सुरुवातीच्या परिच्छेदात शेवटचं वाक्य घातलं: "दुरुस्त केलेली पाच अक्षरं नीट लावली, की कोजागिरीला दूध कुठे प्यायचं ते कळेल." असं वाक्य घातलं, की क्रम न पाळणं अन्यायाचं राहत नाही. सांगून टाकलं आहे.

28 सप्टेंबर, रविवार

कोडं मामाच्या हातात दिलं. त्याने परिच्छेद तीनदा वाचला, मी पाहत होते. मग म्हणाला, "तू आता जा."

1 ऑक्टोबर

फोन नाही.

3 ऑक्टोबर

मामीचा फोन. "काय दिलंयस गं त्यांना? काल दसऱ्याचं सोनं वाटतानाही खिशात कागद होता. पहाटे उठून मला विचारतात, शिमग्यात होडी असते का." मी काही बोलले नाही.

5 ऑक्टोबर, रविवार

आज जायचा वार, पण गेले नाही. सूत्रं पुन्हा पुन्हा तपासली. आयुष्य, पाणी, जीवन: बरोबर. प्रत्येक चूक एकाच अक्षराची आहे. प्रत्येक कृती पूर्ण आहे. शोभेचा शब्द नाही.

6 ऑक्टोबर, कोजागिरी

दुपारी कामावर असताना मामाचा निरोप आला. कौतुक नाही, उत्तरांची यादी नाही.

"साडेसात. तलावपाळीवर गडकरी रंगायतनच्या बाजूला. दूध मी आणतो, तू पेले आण. कासार म्हणजे तळं हे मी तुला शिकवलं, विसरलीस वाटलं होतं."

5:40 ची गाडी पकडते आहे. पेले घरी जाऊन घ्यायचे आहेत, आणि पेन्सिल.